सारजाबाईचा भंडारा

बावड्याच्या अलीकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथं सारजाबाईचं नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं, पण तिच्याशी कधी वाजलं नाही असा माणूस मात्र शोधून सापडला नसता. बाई सरळ होती, आणि सरळ माणसाशी रोजचं निभावणं फार कठीण. शेजारच्या तानूबाईनं एकदा गळ घातली, "सारजे, सासूनं इचारलं तर सांग, दुपारभर मी तुझ्याकडंच व्हते म्हणून." सारजाबाई म्हणाली, "च्या पिण्यापुरती आलीस, तेवढं सांगीन." तानूबाईनं पुढं कितीतरी दिवस अबोला धरला. पण बांध कुणी कोरला, शेळी कुणाच्या उसात शिरली, असला वाद पेटला की सगळी मंडळी हिच्याच दारात. सारजाबाई 'मी बघितलं' म्हणाली, की पुढं कुणी तोंड उघडत नसे.

हे वळण बापाचं. बापाची मेंढरं होती. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कळप कोकणाकडं निघायचा आणि पोरं मागनं चालायची. त्या वाटेवर बापानं तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. त्याच्या चुलतभावानं एका मेंढ्यापायी बिरोबापुढं भंडारा उचलला, म्हणजे देवाची हळद मुठीत घेऊन शपथ खाल्ली, आणि ती खोटी खाल्ली. त्याची पोरं जगली नाहीत. "देव त्या मानसाला काय करत न्हाय, पोरी," बाप म्हणायचा. "त्यो त्येच्या लेकराबाळांकडं बघतो." असली गोष्ट लहान पोरीला सांगू नये. पण सांगितली खरी, आणि ती तिच्या हाडात मुरली. पुढं तिनं ती आपल्या लेकीला सांगितली, तीही तितक्याच लहान वयात.

कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरांना तोंड घालायला जागा राहिली नाही. बापानं कळप विकला. सारजाबाई या वस्तीवर नांदायला आली तेव्हा सासरचीही मेंढरं गेलीच होती. नवरा, आप्पा, दुसऱ्याच्या उसात राबला आणि छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. पदरात दीपक आणि वैष्णवी. बाईनं खुरपणी केली, द्राक्षाच्या बागांत डाव्या-उजव्या हातानं कात्री चालवली आणि दोघांना मार्गी लावलं. दीपक ट्रॅक्टरवर जाऊ लागला, त्याला सोनम बायको आली. वैष्णवीला बारामती तालुक्यात, कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारातल्या एका वस्तीवर दिली.

वैष्णवीच्या लग्नानंतर पुण्याच्या एका संस्थेची माणसं आली. त्यांना अभ्यास करायचा होता. गरीब घरातली पोटुशी बाई हडकुळी असते, तिचं मूलही हडकुळं निपजतं. तिला रोज एक सकस पिठाचं पाकीट दिलं तर मुलाच्या वजनात फरक पडतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी इंदापूर-बारामतीच्या कितीतरी वस्त्या निवडल्या आणि सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या वस्त्यांना पाकीट, निम्म्यांना नुसती तपासणी. "सगळ्यांनाच दिलं तर फरक पाकिटानं पडला की आणखी कशानं, ते कळणार कसं?" असं माधवी मॅडमनी समजावून सांगितलं. या मॅडम अभ्यासाच्या प्रमुख, बोलायला साध्या आणि उन्हातान्हात हिंडणाऱ्या. बावड्याच्या वस्तीला पाकीट निघालं. कोऱ्हाळ्याच्या वस्तीला निघालं नाही. त्या दिवशी सारजाबाईला त्याचं काही वाटलं नाही, कारण वैष्णवीला तेव्हा दिवस गेलेले नव्हते.

वस्तीवर पाकिटं वाटायला, बायकांचे दंड टेपनं मोजायला आणि मुलांची वजनं घ्यायला एक बाई हवी होती. सगळ्यांनी सारजाबाईचं नाव घेतलं. पण देवळापुढच्या बैठकीत कुंडलिक आबा उठले. आबा बिरोबाचे पुजारी, आणि शंका काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत दुसरा नाही.

"मागं असंच पीठ आलं व्हतं," आबा म्हणाले. "बायांच्या नावावर आलं आन् म्हशींनी खाल्लं. मॅडम, तुमच्या सह्या-अंगठं ऱ्हाऊ द्या. सारजा भंडारा उचलत असंल तरच आमचा इस्वास."

मॅडमनी सह्यांचे कागद पिशवीत ठेवले. सारजाबाई पुढं झाली, तिनं भंडाऱ्यानं मूठ भरली आणि म्हणाली, "जिचं नाव हाय तिलाच पाकीट. दुसऱ्या कुणाच्या तोंडात घास जानार न्हाय. माझ्या हातनं न्हाय आन् माझ्या घरातनंबी न्हाय."

मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. पिवळ्या मुठीचा तो फोटो पुढं पुण्याच्या कुठल्याशा सभेत मोठ्या पडद्यावर दाखवला म्हणे, आणि सगळ्यांना तो फार आवडला. आवडणारच. मूठ त्यांची नव्हती.

काम सुरू झालं. सारजाबाई घरोघर जायची, पीठ दुधात नाहीतर पाण्यात कालवायला लावायची आणि बाई शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सासवा कुरकुरायच्या, "आमी काय चोर हाय व्हय?" ती म्हणायची, "तुमी न्हाय. पर घरात पोरं हायती." सोनमलाही त्याच सुमाराला दुसऱ्यांदा दिवस गेले, तिचं नाव यादीत लागलं आणि घरातच पाकीट येऊ लागलं. सोनमपुढं मात्र सारजाबाई बसली नाही. घरची सून, तिच्यावर काय पहारा ठेवायचा? पाकीट चुलीजवळ ठेवून ती सकाळीच बाहेर पडायची.

आणि मग सातव्या महिन्यात, ओटी भरून झाल्यावर, वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

ती एसटीतून उतरली तेव्हा सारजाबाई फाट्यावर उभी होती. लेकीनं पिशवी खांद्यावर घ्यायला हात वर केला, तशा हातातल्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घरंगळल्या. घरी आल्यावर सारजाबाईनं टेप काढून तिचा दंड मोजला. टेप लाल पट्ट्यावर, म्हणजे धोक्याच्या खुणेवर थांबली. कोऱ्हाळ्याला हेच काम करणाऱ्या ताईनंही मोजला होता, तेव्हाही लालच. तिकडं मोजून लिहून घ्यायचं, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माधवी मॅडमना गाठलं. "कोऱ्हाळ्याची बाई बाळंतपणाला हिकडं आली, तर तिला पाकीट द्यायचं का?"

मॅडमना कळलं कोणाबद्दल चाललंय ते. त्या म्हणाल्या, "सारजाताई, जिथं नाव नोंदलं, तिथलीच ती धरायची. पहिल्या बाळंतपणाला सगळ्याच माहेरी जातात. प्रत्येकीला असं दिलं, तर अभ्यासाला काही अर्थच राहणार नाही. तिला दवाखान्यात दाखवा, रक्ताच्या गोळ्या चुकवू नका, घरचं चांगलं खायला घाला." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नियम मला मोडता येत नाही. पण मी काही रोज तुमच्या चुलीपाशी येऊन बसत नाही."

माणूस म्हणून मॅडमनी दार किलकिलं करून दिलं होतं. दुसरी कुणी असती तर आत शिरली असती. सारजाबाई म्हणाली, "मी मागितलं न्हाय, मॅडम. नुसतं इचारलं." तिला मॅडमची भीती नव्हतीच. भंडारा उचललेला होता, आणि देव बघतो ते लेकराबाळांकडं. वैष्णवीच्या तोंडात तो घास घालणं म्हणजे तिच्याच पोटावर घाव घालणं, असं सारजाबाईचं गणित होतं. शिकलेल्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण आईच्या जिवाचा थरकाप काय असतो ते ज्याला ठाऊक आहे, त्यानं तिला हसू नये.

मग तिनं घरात होतं नव्हतं ते लेकीपुढं ठेवलं. शेंगदाणे भाजून गुळात लाडू वळले, शेळीचं दूध सोनमच्या थोरलीच्या वाटचं काढून दिलं, कोंबडीची अंडी विकायची बंद केली. वैष्णवीच्या पोटात काही ठरत नव्हतं. खाल्लेलं अर्धं बाहेर यायचं. गल्लीत सकाळी पाकिटं फुटायची, वेलदोडा घातलेल्या भाजक्या पिठाचा वास दारात यायचा, आणि ती उंबऱ्यावर बसून म्हणायची, "आय, वास लई चांगला येतोय गं." सारजाबाईला त्या वासाचीच चीड येऊ लागली.

एकदा सोनमनं सगळ्यांदेखत आपली वाटी नणंदेपुढं सरकवली. सारजाबाईनं ती हिसकावून घेतली. "ते तुझ्या नावाचं हाय. माझ्या लेकीच्या पोटावर माझा भंडारा पाडू नगंस." वैष्णवी मान खाली घालून आत गेली.

दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. इंदापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली, मुठीएवढं तोंड आणि रडण्यात जोर नाही. अभ्यासाच्या नियमानं जन्मानंतर लगेच वजन घ्यायचं होतं. कोऱ्हाळ्याच्या ताईला इतक्या लांब पोचणं जमेना, म्हणून मॅडमनी फोनवर चाचरत विचारलं, "सारजाताई, तुम्ही घ्याल?" सारजाबाईनं पिशवीतून काटा काढला, त्यावर फडकं पसरलं, आकडा शून्यावर आणला आणि नातीला त्यावर निजवलं. आजवर तिनं किती मुलांना तसं निजवलं होतं. आकडा तिनं मोठ्यानं वाचला, नर्सनं तो लिहून घेतला. तो आकडा कोऱ्हाळ्याच्या खात्यात गेला. मूल तिसऱ्या दिवशी गेलं.

पुढं महिन्याभरात सोनमला मुलगा झाला, चांगला बाळसेदार. सारजाबाईनं त्याचंही वजन घेतलं आणि काट्यावरून उचलून त्याला छातीशी धरलं. तिला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

वैष्णवी सासरी गेली ती गेलीच. नागपंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही, भाच्याच्या बारशालाही नाही. फोन केला की दोन शब्द बोलून ठेवायची. सारजाबाईनं मनाशी ठरवून टाकलं की लेक रागावली आहे, आणि तिचा राग रास्त आहे. गल्लीभर पाकिटं वाटणाऱ्या आईनं एक घास दिला नाही, हे कोण विसरेल? ती एकदा कोऱ्हाळ्याला जाऊन आली, तर वैष्णवी समोर बसून राहिली आणि आईच्या डोळ्याला डोळा देईना. सारजाबाई चहा पिऊन परत आली. त्यानंतर ती गेली नाही.

अभ्यास संपला. मॅडम एक दिवस निकाल सांगायला आल्या. देवळापुढं सतरंजी पसरली, बायका जमल्या. पाकिटाच्या वस्त्यांतली मुलं दुसऱ्यांपेक्षा थोडी वजनदार निघाली होती. फार नाही, पण निघाली. "आता हे सरकारला सांगता येईल," मॅडम म्हणाल्या, आणि टाळ्या वाजल्या. मॅडमची नजर सारजाबाईकडं गेली तशी त्या गडबडीनं दुसऱ्या कुणाशी बोलू लागल्या. त्यांच्याही मनाला लागलं असावं.

सारजाबाई घरी येऊन चुलीपुढं बसली. सोनम पीठ मळत होती.

"फरक पडतो म्हणं पाकिटानं," सारजाबाई म्हणाली. "म्हंजी वैशीची पोर मीच मारली."

सोनमचे हात थांबले. दोन वर्षं दाबून ठेवलेलं तिला आता दाबवेना. "आत्या, तिनं खाल्लंय. तुमी सकाळी भाईर गेलाव की आमी निम्मं निम्मं खायचो. वाटी हिसकावलीत त्या दिसापास्नं, रोज."

सारजाबाईला आधी कळेचना. मग एकदम हलकं वाटलं, आणि तेवढ्यात आपलेच शब्द आठवले. माझ्या घरातनंबी न्हाय, असं ती बोलली होती. भंडारा मोडला होता तर. या पोरीनं मोडला. तिच्या ओठावर फार वाईट शब्द आला. समोर सोनमचा मुलगा उलटी परात बडवत बसला होता. त्याच्याकडं बघून तिनं तो शब्द गिळला.

"मग ती माझ्यावर कशापायी रुसलीया?"

"रुसली न्हाय ती." सोनम रडू लागली. "तिला वाटतंय, तिनंच तुमचा भंडारा मोडला म्हणून पोर गेली. तुमच्याकडं बघायची तिला भ्या वाटती. आन् आत्या, तिला आता परत दिस गेल्याती. कुणालाच सांगितलं न्हाय, मला फोनवर बोलली. देवाची माफी मागायला उपास धरलाय. येकच टायमाला जेवती, त्येबी घासभर. म्हणती, ह्येबी जानार."

सारजाबाईनं चुलीतली लाकडं पुढं सारली. सोनमला ती एवढंच म्हणाली, "तू दिलंस ते बरं केलंस." हे तिला वाटत होतं की नव्हतं, कोण जाणे.

सकाळच्या एसटीनं ती बारामतीला आणि तिथून कोऱ्हाळ्याला निघाली. गाडीत तिनं सगळं उलटसुलट करून पाहिलं. देव असं करत नसतो, असं लेकीला सांगावं? लेक विचारील, मग लहानपणी का सांगितलंस करतो म्हणून? डॉक्टरकडं न्यावं? डॉक्टर खा म्हणतील, ही हो म्हणेल आणि घरी येऊन उपाशी राहील. या पोरीला पटेल अशी एकच गोष्ट जगात होती. ती कोणती, हे सारजाबाईला कालच चुलीपुढं कळून चुकलं होतं.

वैष्णवीची सासू, लीलाबाई, अंगणात धान्य पाखडत होती. "इहीनबाई, लई दिसानं," ती म्हणाली. "बगा तुमच्या लेकीकडं. खा म्हणून घसा कोरडा पडला आमचा." वैष्णवी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले. आईला बघून तिनं पदर ओढून घेतला.

सारजाबाई समोर टेकली. "वैशे, तू सोनमच्या वाटीतलं खाल्लंस, मला ठावं हाय. तवाच ठावं व्हतं."

वैष्णवीचं तोंड पांढरं पडलं.

"सोनमला मीच द्यायला लावलं व्हतं. मॅडमनी तुजं नाव आमच्या यादीत घातलं व्हतं, माझ्या सांगन्यावरनं. तू खाल्लंस ते तुझ्या नावाचंच व्हतं. भंडारा मोडला न्हाय पोरी."

वैष्णवीनं विचारलं, "मग वाटी का हिसकावलीस?"

जन्मात खोटं न बोललेल्या बाईला खोटं सुचायला वेळ लागतो. "तानूबाई दारात व्हती," सारजाबाई म्हणाली. "मॅडमनी कुणाला कळू देऊ नगा म्हणून बजावलं व्हतं. कळलं असतं तर म्हायेरी आलेल्या समद्या पोरींनी मागितलं असतं."

"सोनम मला असं कवा बोलली न्हाय."

"तिला मी गप ऱ्हायला सांगितलं व्हतं."

वैष्णवी उठली. भिंतीतल्या देव्हाऱ्यातून तिनं भंडाऱ्याची वाटी आणली आणि आईपुढं धरली. "उचल, आय."

दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तिनं हे मागितलं नसतं. आणि दुसऱ्या कुणी उचलला असता तर तिचा विश्वास बसला नसता. आईनं खोटा भंडारा उचललेला नाही आणि उचलणार नाही, ही एकच खात्री त्या पोरीपाशी शिल्लक होती, आणि तिच्यावरच सगळं टेकलेलं होतं.

सारजाबाईनं मूठ भरली. बापाचा चुलतभाऊ तिनं कधी पाहिला नव्हता, पण या क्षणी तो तिला दिसला. "बिरोबाची आन," ती म्हणाली, आणि आवाज कापू दिला नाही. "बोलले ते खरं हाय." त्याच मुठीतली चिमूट तिनं लेकीच्या कपाळाला लावली. वैष्णवीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोन वर्षांचं रडून घेतलं.

मग सारजाबाईनं लीलाबाईला भाकरी टाकायला सांगितलं. पिठलं झालं, वर शेंगदाण्याची चटणी. वैष्णवी जेवायला बसली आणि सारजाबाई समोर बसली, वस्तीवरच्या प्रत्येक बाईपुढं बसायची तशी, शेवटचा घास गिळेपर्यंत. निघताना तिनं टेप काढून दंड मोजला. लालच होता. "म्हैन्यानं परत मोजीन," ती म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ओढ्याच्या पाण्यात तिनं हात धुतले, तरी नखांच्या कडांना पिवळं राहिलंच. सोनम दारातच उभी होती.

"जेवली का, आत्या?"

"जेवली. ताट पुसून जेवली."

सोनमनं डोळे पुसले आणि रोजच्यासारखी काडेपेटी सासूपुढं केली. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून बिरोबापुढचा दिवा सासूच लावायची, तापानं फणफणली असली तरी. सारजाबाईनं देव्हाऱ्याकडं पाहिलं नाही.

"आजपास्नं तू लाव," ती म्हणाली, आणि नातवाला कडेवर घेऊन अंगणात जाऊन बसली.